परत कॉलेजला जाताना आधी वही-पेन्सिल, मग लॅपटॉप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहा-पंधरा वर्षांच्या खंडानंतर संगणक विषयात ऑनर्स पदवी करायला निघालेली माणसं तयारीची सुरुवात बहुतेक वेळा एकाच गोष्टीने करतात: एखादी नवी प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला घेतात. ‘आमच्या वेळचं सगळं बदललं, आता आपण मागे पडलो’ ही धास्ती त्यामागे असते. ती चुकीच्या जागी आहे आणि तिच्यापायी प्रवेशाआधीचे मोलाचे दोन-तीन महिने हातचे जातात. म्हणून हे पत्र.

बदललं ते वरचं. अभ्यासक्रमाचा कणा जुनाच आहे. यंत्राला काय काढता येतं आणि काय काढता येत नाही, याची ट्युरिंगची मांडणी १९३६ ची. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग शोधायची डायक्स्ट्राची पद्धत १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली, नोंदी क्रमाने लावायचं होअरचं क्विकसॉर्ट १९६१ मध्ये. डेटाबेसच्या तासाला पहिल्याच आठवड्यात जे रिलेशनल मॉडेल (माहिती तक्त्यांत मांडायची रीत) येतं, ते कॉडने १९७० साली मांडलं. हे सगळं आजही शिकवलं जातं, आणि परीक्षेतही येतं. परतणारा विद्यार्थी नव्या भाषेपाशी फारसा अडत नाही, ती तो महिन्याभरात उचलतो. तो अडतो गणितापाशी, कोड काटेकोरपणे वाचण्यापाशी आणि आठवड्याच्या तासांपाशी.

गणित म्हणजे इथे मुख्यतः डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स: तर्क, संच, संबंध, गणिती विगमन (इंडक्शन), मोजणी, ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा). शाळेतलं कॅल्क्युलस विसरलं असेल तर एकवेळ चालतं (मॅट्रिक्स मात्र पुढे ग्राफिक्स आणि मशीन लर्निंगला लागतात). तर्क विसरला असेल तर पहिल्याच सत्रात कोड चुकायला लागतो, आणि का चुकतो तेही कळत नाही. एक साधं उदाहरण घ्या. प्रोग्रॅमने विचारायचं, ‘पुढे जायचं का? ह की न?’ आणि दोन्हीपैकी एक उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं. नवशिका अट लिहितो: जोवर उत्तर ‘ह’ नाही किंवा उत्तर ‘न’ नाही, तोवर पुन्हा विचार. कानाला बरोबर वाटतं. आता वापरणाऱ्याने ‘ह’ दाबलं. अटीचा पहिला भाग खोटा झाला, पण ‘उत्तर न नाही’ हा दुसरा भाग खरा आहे. मध्ये ‘किंवा’ असल्यामुळे अख्खी अट खरी ठरते आणि प्रोग्रॅम पुन्हा विचारतो. काहीही दाबा, तो थांबतच नाही. तिथे ‘आणि’ हवं होतं. डी मॉर्गनचा नियम (‘अ किंवा ब’ याचा नकार म्हणजे ‘अ नाही आणि ब नाही’) कागदावर वीस वेळा उलटसुलट करून पाहिलेल्या माणसाला ही चूक वाचतानाच दिसते. न पाहिलेला माणूस तिच्यात अख्खी संध्याकाळ घालवतो.

तसंच नकाराचं. ‘सगळ्या चाचण्या यशस्वी झाल्या’ याचा नकार ‘एकही यशस्वी झाली नाही’ असा नसतो, ‘निदान एक फसली’ असा असतो. रोजच्या बोलण्यात हा फरक आपण सोडून देतो. पुढे सिद्धतेचा प्रश्न येतो तेव्हा तो सोडता येत नाही.

या तयारीला आठ आठवडे, आठवड्याला पाच तास, म्हणजे चाळीस तास पुरतात. दोन आठवडे तर्क आणि सत्यता-कोष्टकं, दोन आठवडे संच, फलनं आणि संबंध, दोन आठवडे विगमन, एक आठवडा मोजणी आणि लॉगॅरिदम, एक आठवडा ग्राफ. विगमनाला दोन आठवडे जास्त वाटतील, पण रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं), झाडासारख्या रचना आणि अल्गोरिदम बरोबर असल्याची सिद्धता हे सगळं त्याच्यावरच उभं राहतं. विगमनात नेहमी होणारी चूक म्हणजे पायरी (एका संख्येसाठी खरं तर पुढचीसाठीही खरं) सिद्ध करायची आणि पाया (पहिल्या संख्येसाठी खरं) विसरायचा. ‘प्रत्येक संख्या तिच्या पुढच्या संख्येएवढी असते’ हे उघड खोटं विधान घ्या. ते एखाद्या संख्येसाठी खरं मानलं, तर दोन्ही बाजूंना एक मिळवून पुढच्या संख्येसाठीही खरं ठरतं. पायरी बिनचूक आहे, पायाच नाही. रिकर्शनमध्ये थांबायची अट लिहायला विसरलेला प्रोग्रॅम नेमकी हीच चूक करतो आणि स्टॅक (अशा बोलावण्यांची नोंद ठेवणारी मेमरी) भरून कोसळतो.

लॉगॅरिदम कशाला, असं विचारलं जातं. दहा लाख नोंदी क्रमाने लावायच्या आहेत. प्रत्येक नोंद प्रत्येक नोंदीशी ताडून पाहणारी पद्धत सुमारे एक लाख कोटी तुलना करते. नोंदींची संख्या गुणिले तिचा दोन पायाचा लॉग, या हिशेबाने चालणारी पद्धत सुमारे दोन कोटी. सेकंदाला दहा कोटी तुलना करणारं यंत्र धरलं तर पहिलीला पावणेतीन तास लागतात, दुसरीला सेकंदाचा पाचवा हिस्सा. वेगवान लॅपटॉप घेऊन ही दरी भरत नाही.

आता कोड वाचण्याविषयी. नोकरीत सॉफ्टवेअर वापरणारी, अगदी लिहिणारी माणसंसुद्धा कोड चालवून पाहण्याच्या सवयीची असतात. चालला तर बरोबर, नाही चालला तर काहीतरी बदलून पुन्हा चालवायचा. ऑनर्सच्या परीक्षेत कोड कागदावर येतो आणि त्यातून काय निघेल ते हाताने काढावं लागतं. यासाठी वही-पेन्सिल. वहीत प्रत्येक चलाचा (व्हेरिएबलचा) एक रकाना आखायचा आणि ओळीमागून ओळ किंमती भरत जायचं. बायनरी सर्चवर, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मध्याशी ताडून अर्धी यादी सोडत शोधण्याच्या पद्धतीवर, हे करून पाहा. यादीत दोनच आकडे आहेत, ४ आणि ९, जागा ० आणि १. शोधायचा आहे ९. डावी हद्द ०, उजवी १, मध्य काढला तर पूर्णांकात ०. तिथे ४ आहे, ९ पेक्षा लहान, म्हणून डावी हद्द मध्यावर आणली. ती पुन्हा ०. मध्य पुन्हा ०. वहीतली तिसरी ओळ दुसरीसारखीच दिसली की समजायचं: हद्द मध्यावर आणायची नव्हती, मध्याच्या एक पुढे न्यायची होती. मोठ्या यादीवर हाच कोड पुष्कळदा बरोबर उत्तर देतो, म्हणून चालवून पाहणाऱ्याला चूक सापडत नाही. लहान उदाहरण घेऊन हाताने चालणाऱ्याला ती तीन ओळींत सापडते.

याच अल्गोरिदममध्ये मध्य काढताना डावी आणि उजवी हद्द मिळवून दोनाने भागतात. ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. बेरीज तिच्यापुढे गेली की ती ऋण होते आणि शोध भलत्याच जागी जातो. जावाच्या मानक लायब्ररीत ही चूक वर्षानुवर्षं पडून होती. २००६ मध्ये ती जाहीरपणे दाखवली गेली. उपाय एका ओळीचा आहे: उजवीतून डावी वजा करायची, अर्धं करायचं, ते डावीत मिळवायचं.

पायथॉन किंवा वेबच्या कामातून येणारे विद्यार्थी सी भाषेच्या तासाला मेमरीपाशी अडखळतात. मराठी वाचकाला हे ‘नमस्ते’ या शब्दावर चटकन कळेल. डोळ्याला त्यात तीन अक्षरं दिसतात. युनिकोडच्या, म्हणजे लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, दृष्टीने ती सहा चिन्हं आहेत: न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा. पायथॉनला लांबी विचारली तर तो सहा सांगतो. यूटीएफ-८ मध्ये (ही चिन्हं बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे साठवायला अठरा बाइट, आणि सी भाषेत शब्द संपल्याची खूण म्हणून आणखी एक. एकूण एकोणीस. ज्याने दहा बाइटांची जागा राखून त्यात हा शब्द ओतला, त्याने शेजारच्या चलाची मेमरी खराब केली. प्रोग्रॅम तिथेच कोसळला तर नशीब म्हणायचं, कारण बरेचदा तो कोसळतो दोनशे ओळींनंतर, भलत्याच ठिकाणी. कंपायलरच्या सगळ्या सूचना चालू ठेवणं आणि ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या अशा चुका पकडणारं साधन) लावून चाचणी घेणं, या दोन सवयी पहिल्याच आठवड्यात लावून घ्याव्यात.

तासांचा हिशेब मात्र कुणीच आधी करत नाही, आणि अर्ध्यावर सोडणाऱ्यांत यानेच गळालेले पुष्कळ असतात. युरोपातल्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीचं उदाहरण घेऊ, कारण तिथे आकडे स्पष्ट आहेत. पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक, एका श्रेयांकाला २५ ते ३० तासांचं काम, म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. परीक्षा धरून चाळीस आठवड्यांवर ते पसरले तर आठवड्याला ३८ ते ४५ तास होतात. निम्मा भार घेतला तरी १९ ते २३. आठवड्याला चाळीस तासांची नोकरी आणि जाण्यायेण्याचे सात-आठ तास यांत हे बसवून पाहा. कागदावर बसतंसुद्धा. पण प्रोग्रॅमिंगचे तास सुट्या अर्ध्या-अर्ध्या तासांत मोडत नाहीत, सलग दोन-तीन तासांची बैठक लागते. प्रश्न डोक्यात पुन्हा उभा करायलाच वीस मिनिटं जातात. म्हणून पहिल्या सत्रात नोकरी सांभाळून फार तर दोन विषय घ्यावेत, आणि त्यांतला एकच प्रोग्रॅमिंगचा असावा. सलग बैठकीच्या तीन वेळा आठवड्यात ठरवून घ्याव्यात आणि घरच्यांना त्या आधी सांगाव्यात.

जुन्या शिक्षणाबद्दल सवलत मिळते तिथे माणसं ती सरसकट घेतात. हा सर्वांत महाग पडणारा निर्णय आहे. पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगमधून सूट मिळाली की थेट डेटा स्ट्रक्चर्सच्या वर्गात बसावं लागतं, तिथे शिक्षक धरून चालतात की पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारं चल) आणि रिकर्शन येतं. सूट मागण्याआधी त्या विषयाची मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका घ्यावी आणि संगणक बंद ठेवून ठरलेल्या वेळात सोडवावी. साठ टक्क्यांच्या वर गेलात तरच सूट घ्या. अर्जासोबत नुसती गुणपत्रिका पुरत नाही. जुन्या अभ्यासक्रमाचा तपशील, विषयवार तास आणि प्रात्यक्षिकांची यादी लागते, आणि ती जुन्या संस्थेकडून मिळवायला वेळ जातो. ते काम सगळ्यांत आधी सुरू करावं.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी पुरे, कारण व्हर्च्युअल मशीनला (संगणकाच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाला) एकटीलाच चार जीबी द्यावी लागते. विकत घेण्याआधी विभागाला एक प्रश्न विचारा: प्रयोगशाळेतल्या व्हर्च्युअल मशीन एआरएम प्रोसेसरवर चालतात का? एक्स-८६ या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बनवलेली इमेज (त्या मशीनची तयार फाइल) एआरएमवर नुसती उघडून चालत नाही. असेंब्लीच्या प्रात्यक्षिकांना तर सूचनासंचच वेगळा.

नोकरीतून येणाऱ्यांची एक सवय कॉलेजात अंगाशी येते. कामाच्या ठिकाणी इंटरनेटवरचा तुकडा उचलून वापरणं नेहमीचं असतं, असाइनमेंटमध्ये तेच वाङ्मयचौर्य ठरतं. चलांची नावं बदलून किंवा मोकळ्या जागा हलवून ते झाकत नाही. १९९४ पासून वापरात असलेली मॉससारखी प्रणाली नावं आणि मोकळ्या जागा बाजूला ठेवून कोडची रचना ताडते. तुकडा उचललाच तर कुठून उचलला ते कॉमेंटमध्ये लिहावं. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या कोडबद्दल प्रत्येक विषयाचे नियम वेगळे असतात, ते लेखी मागून घ्यावेत. तोंडी परीक्षेत ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ असं विचारतात, तेव्हा स्वतः न लिहिलेला कोड तोंडघशी पाडतो.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, पहिल्या दिवसापासून वापरावं. एकदा पासवर्ड त्यात गेला की पुढच्या कमिटमध्ये (नोंदीत) पुसून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये तो तसाच राहतो. पासवर्डच बदलावा लागतो.

आता शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. साध्या पदवीत आणि ऑनर्समध्ये मोठा फरक पडतो तो इथेच, आणि अनुभवी माणसं हमखास चुकतात तीही इथेच. त्यांना वस्तू बनवता येते, म्हणून ती वस्तू बनवत राहतात. ‘ग्रंथालयासाठी ॲप’ हा ऑनर्सचा प्रकल्प होत नाही, कारण त्यात उत्तर द्यायला प्रश्नच नाही. तेच काम असं मांडा: शोधताना शब्द चुकीचा टाइप झाला तरी पुस्तक सापडावं यासाठी दोन पद्धती आहेत. एकीत शब्द दुरुस्त करायला किती बदल लागतात ते मोजायचं, लेव्हनश्टाइनच्या अंतराने. दुसरीत शब्दाचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडून किती तुकडे जुळतात ते पाहायचं. दहा हजार शीर्षकं, दोनशे चुकीचे शोध. योग्य पुस्तक पहिल्या पाच निकालांत किती वेळा आलं आणि किती वेळ लागला? आता प्रश्न आहे, मोजमाप आहे, आणि कुठलीही पद्धत सरस ठरली तरी अहवाल उभा राहतो.

या प्रकल्पात नेमकं काय बिघडतं तेही पाहा. मराठी शीर्षकांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर. वाचकाच्या लेखी ती एकच चूक, म्हणून अंतरही एक यायला हवं. पण अंतर चिन्हांऐवजी बाइटांवर काढलं तर ऱ्हस्व आणि दीर्घ इकाराच्या मात्रांमध्ये दोन बाइट वेगळे पडतात, अंतर दोन येतं. ऱ्हस्व-दीर्घ उकारात मात्र एकच बाइट वेगळा, अंतर एक. म्हणजे सारखीच चूक, पण इकाराला दुप्पट दंड, आणि निकालांची सगळी तुलना वाकडी. हे मोजणीच्या आठवड्यात कळलं तर सगळे आकडे पुन्हा काढावे लागतात. शंभर शीर्षकांवर आधीच चालवून पाहिलं असतं तर दिवसाभरात दुरुस्त झालं असतं.

वेळ मोजतानाही असाच घोळ होतो. पहिली फेरी सहसा हळू येते, कारण कॅशे (प्रोसेसरजवळची जलद साठवण) रिकामी असते आणि काही भाषांत कोड चालता चालता कंपाइल होतो. पहिल्या काही फेऱ्या सोडून द्याव्यात, पुढच्या तीस फेऱ्यांचा मध्यक (मीडियन) घ्यावा, आणि लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा. बॅटरीवर प्रोसेसर बरेचदा स्वतःचा वेग कमी करतो.

अठ्ठावीस आठवडे धरले तर वाटणी साधारण अशी: पहिल्या तीन आठवड्यांत प्रश्न एका वाक्यात लिहून मार्गदर्शकाकडून मान्य करून घेणं. चौथा ते सातवा, वाचन आणि परवानग्या. दहाव्यापर्यंत सगळ्यांत लहान, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालणारं रूप. अठराव्यापर्यंत बांधणी, बावीसपर्यंत मोजमाप, सव्वीसपर्यंत लेखन, शेवटचे दोन आठवडे मोकळे. बांधणी अठराव्या आठवड्यात थांबवणं सर्वांत अवघड जातं. ती पंचविसाव्यापर्यंत लांबते, मोजमाप चार दिवसांत उरकलं जातं आणि परीक्षक नेमकं तेच प्रकरण उघडतात. पद्धतीचं प्रकरण बांधणी चालू असतानाच, अकराव्या आठवड्यापासून लिहावं. नंतर आपणच घेतलेले निर्णय का घेतले ते आठवत नाही.

लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची किंवा ॲप वापरून घ्यायचं असेल तर नीतिविषयक परवानगी आधी लागते आणि तिला आठवडे जातात. परवानगीआधी गोळा केलेली माहिती अहवालात घेता येत नाही. आणि सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, एक घराबाहेर. अहवालाची सुद्धा.

विभागांकडेही मागणं आहे. परतणाऱ्या विद्यार्थ्याला वेळापत्रक सत्र सुरू व्हायच्या आठवडाभर आधी मिळून काही उपयोग नाही, त्याला नोकरीच्या पाळ्या बदलून घ्यायच्या असतात. सहा आठवडे आधी मिळालं पाहिजे. पहिल्या वर्षाच्या मागच्या प्रश्नपत्रिका आणि कोणता विषय कोणत्या विषयावर अवलंबून आहे त्याचा एक तक्ता प्रवेशाच्या अर्जासोबतच द्यावा. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचा चाळीस तासांचा पूर्वतयारी वर्ग सुट्टीत, संध्याकाळी ठेवावा. आणि प्रकल्पाच्या मार्गदर्शकांची भेटीची एक वेळ संध्याकाळी सहानंतरची, छापील वेळापत्रकात असावी. ‘केव्हाही या’ म्हटलेलं दिवसभर नोकरी करणाऱ्याच्या कामाचं नसतं.

आपले,
संगणकशास्त्र शिकवणारे काही अध्यापक